दोऱ्याचं अंतर, घड्याळाचं अंतर

पुतणीचा पृथ्वीगोल, शिवणाच्या डब्यातला दोरा आणि एक पट्टी. मुंबईवर बोट दाबून धरलं, दोरा ताणला आणि न्यूअर्कला टेकवला. 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर तो साडे-एकोणतीस सेंटिमीटर भरला. म्हणजे सुमारे 12,500 किलोमीटर. अमेरिका पश्चिमेला, पण दोरा निघाला जवळजवळ उत्तरेकडे! पाकिस्तान, अफगाणिस्तान, मॉस्कोचा परिसर, नॉर्वे, मग आइसलँडवरून लॅब्राडोर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून ओढलेली रेघ दिसायला सरळ, पण तीच 14,200 किलोमीटरच्या घरात जाते.

ताशी 900 किलोमीटरने दोऱ्याचा हिशेब चौदा तासांचा होतो. वेळापत्रकात जाताना सोळाच्या आसपास तास होते आणि येताना जेमतेम चौदा. आपण ‘नाशिक किती लांब?’ विचारलं की ‘चार तास’ म्हणतो. त्या भाषेत न्यूअर्क जायला लांब आणि यायला जवळ आहे.

हिवाळ्यातल्या एका रात्री दीड वाजता न्यूअर्कला निघालेलं आमचं विमान हललं. वेळापत्रकातले तास इथूनच सुरू होतात, चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून ते पलीकडे पुन्हा लागेपर्यंत. धावपट्टीच्या रांगेत गेलेली पंचवीस मिनिटंही त्यातच. समोरच्या पडद्यावर मी जेवणाऐवजी एकच आकडा बघत बसलो, जमिनीच्या हिशेबातला वेग. तो कधी 850, अटलांटिकवर 790. विमान मंदावलं नव्हतं, समोरून वारा होता. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा झोत हिवाळ्यात जास्त जोर धरतो. परतताना तोच पाठीशी होता आणि आकडा 1,050 वर गेला. म्हणून अटलांटिकवरच्या वाटा वारा बघून रोज नव्याने आखतात. कधी लांबची वाट लवकर पोचवते.

वाऱ्याला निदान पासपोर्ट लागत नाही. दोरा ज्या देशांवरून गेला, त्यांनी दार लावलं की विमानाला वळसा घालावा लागतो. पाकिस्तानने फेब्रुवारी 2019 मध्ये हवाई हद्द बंद केली, ती त्याच वर्षी जुलैत उघडली. 24 एप्रिल 2025ला भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद केली. गोलावरचा दोरा तेवढाच राहिला, इंधन आणि तास मात्र वाढले.

दीडला निघून आम्ही न्यूअर्कला उतरलो ते त्याच तारखेला, सकाळी सातच्या सुमारास. साडेदहा तासांचा फरक जाताना पदरात पडतो. येताना तो व्याजासकट नव्हे, पण पुरता वसूल होतो: दुपारी बाराला बसलो, तर मुंबईत सहार विमानतळावर दुसऱ्या दिवशीची दुपार.

तेव्हा कुणाला आणायला निघणार असाल, तर तिकिटावरची वेळ बघून घर सोडू नका. विमान सुटल्यावर त्या दिवशीची पोचायची वेळ बघा, मगच गाडी काढा.