केळीच्या चुलतबहिणीची भिंत!

ए, एक गुपित सांगू? सावद्याच्या केळीच्या बागांत भर दुपारी छत्र्या मिटतात. एक-दोन नाही, हजारो! आणि कुणी हातसुद्धा लावत नाही!

थाप वाटते? मग मे महिन्यात सकाळी आठला बागेत जाऊन ये. केळीची पानं कशी ऐसपैस पसरलेली दिसतील, वाळत घातलेल्या चादरीसारखी. आता घरी ये, जेव, डोक्याला रुमाल बांध आणि मोठ्या कुणाला तरी सोबत घेऊन एकच्या सुमारास पुन्हा जा. पारा 45 च्या घरात! आणि पानं? मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजू खाली कललेल्या! उघडी वही बाकावर पालथी घातली की कशी दिसते? अगदी तश्शी! ऊन उतरलं की पानं परत पसरतात.

पान असं का करतं? तू उन्हात रुमाल बांधलास ना, त्याच कारणासाठी! पसरलेल्या पानावर ऊन सरळ आदळतं. कललेल्या पानावरून ते घसरगुंडीसारखं निसटतं. शिवाय पानाला बारीक बारीक नाकपुड्या असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांतल्या बहुतेक असतात पानाच्या पोटाकडे. पान मिटलं की त्या आडोशाला!

आता ओळख पाहू, पान मिटतं कशाने? त्याला ना दोरी, ना बटण.

पुढच्या वेळी केळीच्या पानावर भरीत वाढलं ना, की आधी पान उलटून बघ. (आधी! भरीत वाढल्यावर नको!) मधल्या दांड्याला चिकटून दोन्ही बाजूंना एकेक फिकट पट्टा जातो. सगळी जादू त्या पट्ट्यात आहे. त्यात पाण्याने भरलेल्या इवल्या इवल्या पिशव्या असतात. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती टणक होते ना? तसंच इथे पाण्याने होतं. दुपारी ऊन इतकं पाणी ओढतं की मुळांना तेवढं पुरवता येत नाही. पिशव्या सैल पडतात आणि पान खाली कलतं. नंतर पाणी चढलं की पुन्हा टणक!

बिजागरी नाही, खिळा नाही, तेल घालायला नको. शाळेतली ती जुनी खिडकी आठव. उघडताना कशी ओरडते, कुईईई! पान कधी असं कुरकुरतं का?

याच कुरकुरीचा प्रश्न जर्मनीतल्या शास्त्रज्ञांना पडला. मोठाल्या इमारतींना उन्हासाठी झडपा लावतात. पण झडपा आल्या की बिजागऱ्या आल्या, आणि बिजागऱ्या गंजतात, अडकतात. मग बिजागरीशिवाय झडप हलेल का? फ्रायबुर्ग आणि स्टुटगार्ट इथली मंडळी झाडांकडे बघत बसली. आणि त्यांना कोण सापडलं माहितीये? केळीची चुलतबहीण!

तिचं नाव बर्ड ऑफ पॅरडाइज. पानं थेट केळीसारखी. पण फूल? केशरी तुरा आणि त्यातून निघालेला निळा बाण! जणू पक्ष्याचं डोकंच! ती मूळची दक्षिण आफ्रिकेची. (केळीचं खानदान मोठं आहे बरं का. आलं, हळद, कर्दळ, सगळी त्यातलीच!)

पक्षी मध प्यायला येतो आणि त्या निळ्या बाणावर बसतो. त्याच्या वजनाने बाण वाकतो. वाकला की बाणाच्या कडा बाजूला लवतात आणि आतले परागकण उघडे पडतात. ते चिकटतात पक्ष्याच्या पायांना! पक्षी उडाला की फूल बंद. पाहुणा बसला की आपोआप उघडणारं दार!

हीच युक्ती उचलून 2012 मध्ये दक्षिण कोरियातल्या येओसू शहरात, समुद्राकाठच्या जागतिक प्रदर्शनात, एक अख्खी भिंत उभी राहिली. तिच्यात 108 उंच उंच पट्ट्या होत्या. सगळ्यात उंच पट्टी 13 मीटर, म्हणजे चार मजली घराएवढी! आणि या पट्ट्यांना मधे एकही बिजागरी नाही.

मग त्या हलायच्या कशा? कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी काढ. दोन टोकांना दोन तळवे लाव. आता हळूच दाब. फुगली ना बाजूला? सोड. सरळ! (जोरात दाबू नकोस. माझी एक मोडली होती आणि बोलणी खावी लागली होती.) येओसूच्या पट्ट्याही काचतंतूंच्या, लवचीक. मोटरी त्यांची वरची-खालची टोकं जराशी दाबत आणि पट्टी डौलाने वाकून फट उघडे. अशा 108 पट्ट्या एकामागून एक वाकल्या की भिंतीवरून लाट धावायची. जणू मासा कल्ले हलवतोय!

तरी त्या भिंतीला मोटर लागायची. मला विचारशील तर त्यापेक्षा अफाट काम 2013 मधलं, स्टुटगार्टच्याच वास्तुकार आखिम मेंगेस यांचं. त्यांच्या मंडपाच्या भिंतींत पातळ लाकडाच्या पाकळ्या होत्या. हवा कोरडी असली की उघड्या, दमट झाली की बंद. मोटर नाही, वीजही नाही! पावसाळ्यात आपलं दार फुगून चौकटीत अडकतं ना? आपण त्याच्यावर चिडतो. त्यांनी त्या फुगण्यालाच कामाला लावलं!

तर मग, कधी निघतोय बागेत? मालकांना विचारून जा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकाच पानाचं चित्र काढ. आणि हो, कपडे जुनेच घाल. केळीच्या चिकाचा डाग पडला की आईने कितीही घासला तरी जात नाही!