गिटारच्या कंबरेला सबुरी लागते

सतारीचा भोपळा वेलीवरच गोल होतो. मिरजेच्या कारागिराला तो घाट निसर्गाकडून मिळतो. गिटारचे तसे नाही. तिच्या दोन्ही बाजू म्हणजे सरळ फळीतून काढलेल्या पातळ पट्ट्या. त्यांना वळण माणसालाच द्यावे लागते आणि कारागिराचे नफा-नुकसान पुष्कळदा याच कामात ठरते.

पट्टी साधारण २ ते २.५ मि.मी. जाड आणि सुमारे ८० सें.मी. लांब असते. दोन्ही पट्ट्या एकाच फळीतून लागोपाठ चिरतात, म्हणजे रेषा जुळतात. एक मोडली की दुसरीही जोडीविना पडून राहते. नुकसान दुप्पट!

लाकडाचे तंतू लिग्निन या नैसर्गिक द्रव्याने एकमेकांना चिकटलेले असतात. ओलावा आणि उष्णता मिळाली की ते मऊ होते, थंड झाले की पुन्हा घट्ट. म्हणून पट्टी ओली करून आतून तापवलेल्या धातूच्या पाइपवर पुढे-मागे फिरवतात. पाइपवर पाण्याचा थेंब नाचू लागला की काम सुरू करावे. जोर लावू नये. लाकूड हाताखाली सैल पडल्याचे जाणवले, तरच वळवावे. घाई केली तर तडा जातो, रेंगाळले तर करपते.

सर्वांत अवघड जागा कंबरेची, कारण तेथे वळण आवळ असते. मऊ झालेले लाकूड दाब सोसते, ताण फारसा सोसत नाही. म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाला पोलादाची पातळ पट्टी धरतात. जाडीही सर्वत्र सारखी हवी. जेथे लाकूड पातळ, तेथेच ते कोन धरते. वळलेली पट्टी थोडी उलटते, म्हणून ती रात्रभर साच्यात आवळून ठेवतात. मोठ्या कारखान्यांत हे काम तापत्या साच्यांच्या यंत्रावर होते, तरी लाकडाची पारख माणसालाच करावी लागते.

या कामात आपल्या देशाचाही वाटा आहे. ब्राझीलचे शिसवी लाकूड मिळणे कठीण झाल्यावर अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसवी लाकूड वापरायला घेतले. २०१७ मध्ये शिसवीच्या जगभरच्या व्यापारावर ‘सायटीस’ कराराचे निर्बंध आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही.

असे लाकूड वाया घालवणे कोणाला परवडेल? नवशिक्याने आधी स्वस्त तुकड्यांवर हात बसवावा. पाइप थोड्या खर्चात होतो. सबुरी मात्र विकत मिळत नाही.