बर्फातले की वरून गेलेले?

अंटार्क्टिकाच्या मध्यावर, वोस्तोक तळावर, रशियन तंत्रज्ञ वर्षानुवर्षं बर्फात भोक पाडत होते आणि ते बुजू नये म्हणून त्यात रॉकेल नि फ्रीऑन ओतत होते. 1998 मध्ये 3,623 मीटरवर काम थांबलं. खाली सव्वाशे-दीडशे मीटरवर लाखो वर्षं झाकलेलं सरोवर होतं. रॉकेल त्यात उतरायला नको होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकी संशोधकांनी तळच्या बर्फात जीवाणू सापडल्याचं जाहीर केलं. हा बर्फ आभाळातून पडलेला नव्हे, सरोवराचंच पाणी वरच्या थराला चिकटून गोठलेलं.

जाणकारांनी रोकडा प्रश्न विचारला: हे जीव बर्फातले, की रॉकेलमधले? हायड्रोकार्बन खाऊन जगणारे जीवाणू रॉकेलमध्येही असतात.

बर्फात जगणं अशक्य नाही. पाणी गोठताना क्षार आणि आम्लं स्फटिकांत सामावत नाहीत. बाहेर ढकलली जाऊन स्फटिकांच्या सांध्यांत साचतात. तिथे केसाहून बारीक शिरा तयार होतात आणि त्यांतलं खारट, आंबूस पाणी शून्याखालीही पातळ राहतं. जीवाणूंचं घर या शिरांत असावं, असं भौतिकशास्त्रज्ञ ब्यूफोर्ड प्राइस यांनी 2000 मध्ये मांडलं. वाढ तिथे जवळजवळ नाहीच. मिळेल ती ऊर्जा मोडकं डीएनए सांधण्यात जाते. पेशीचं आवरण तुपासारखं थिजू नये म्हणून त्यात असंपृक्त मेदाम्लांचं प्रमाण जास्त असतं.

आपल्याकडे ध्रुवीय बर्फाचा अभ्यास गोव्यात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात चालतो. बाहेर घामाच्या धारा, आत शीतगृहात अंटार्क्टिकाच्या बर्फाचे लांबट गाभे! जीवाणू शोधायचे तर अशा गाभ्याचा बाहेरचा थर आधी तासून टाकावा लागतो. हात, हवा, करवत, ज्याला ज्याला स्पर्श झाला ते सगळं गेलं की उरलेलं वितळवायचं. हे काम किचकट, पण सगळी भिस्त त्यावरच.

5 फेब्रुवारी 2012 रोजी रशियनांनी 3,769 मीटरवर सरोवर गाठलं. विक्रम झाला, पण यंत्राच्या टोकाशी गोठून आलेल्या पाण्यात बहुतेक जीवाणू वरून गेलेलेच निघाले.

माझ्या लेखी मोठं काम पुढच्या जानेवारीत अंटार्क्टिकातल्याच व्हिलन्स सरोवरावर झालं. तिथे बर्फ जेमतेम 800 मीटर. अमेरिकी चमूने रॉकेलऐवजी गरम पाण्याने भोक पाडलं. ते पाणी गाळून, अतिनील किरणांखालून नेलेलं. खालच्या पाण्यात दर मिलिलिटरला सुमारे 1 लाख 30 हजार पेशी मिळाल्या. सूर्य नाही, वनस्पती नाही. अमोनियासारख्या रसायनांतून ऊर्जा काढणारे सूक्ष्मजीव तिथे संसार करून होते. यावर 'वरून गेले असतील' म्हणणं अवघड होतं.

2018-19 च्या उन्हाळ्यात शेजारच्या मर्सर सरोवराच्या गाळात जीवाणूंबरोबर टार्डिग्रेड या आठ पायांच्या सूक्ष्म प्राण्यांचे अवशेषही मिळाले. ते तिथले नसावेत. ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतातल्या डबक्यांतून कधीकाळी वाहत आले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.