शापाआधीचे तलकाड

तलकाडला जाणारा माणूस अलमेलम्माची गोष्ट आधीच ऐकून आलेला असतो. 1610 साली म्हैसूरच्या राजा वोडेयाराने श्रीरंगपट्टण घेतले. विजयनगरचा तिथला कारभारी तिरुमल दुर्धर फोडाने बेजार होऊन तलकाडच्या वैद्येश्वराला शरण आला होता. त्याची पत्नी अलमेलम्मा हिच्याकडे रंगनायकी देवीला मंगळवारी-शुक्रवारी घालायचे दागिने होते. ते हस्तगत करायला वोडेयारांची माणसे मागे लागली, तेव्हा तिने मालंगीजवळ कावेरीत उडी टाकली. जाता जाता तीन शाप दिले: तलकाड वाळूत जाईल, मालंगीला डोह पडेल आणि म्हैसूरच्या राजांना मूल होणार नाही. राजघराण्याने हा शाप इतका मनावर घेतला की अलमेलम्मा पुढे त्यांच्याकडे देवतेसारखी पुजली जाऊ लागली.

गोष्ट झकास आहे, पण तिने बाकी सगळे झाकून टाकले. शापाआधी या गावाने सुमारे हजार वर्षे पाहिली होती, आणि ती समजून घ्यायला कीर्तिनारायणाचे देऊळ बघावे लागते. वाटाडे तिथे सर्वांत शेवटी नेतात, पाय दुखू लागल्यावर.

पश्चिम गंगांची राजधानी ती हीच. शहाण्णव हजारी गंगवाडीचा कारभार कावेरीच्या या वळणावरून चाले. सुमारे 1004 मध्ये चोळांनी तलकाड जिंकून त्याला राजराजपूर केले आणि शतकभर राखले. 1116 मध्ये होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज चालून आला, चोळांचा मांडलिक अदियम हरला आणि गाव होयसळांकडे आले. विष्णुवर्धनाला या विजयाचे भारी अप्रूप. 'तलकाडुगोंड', म्हणजे तलकाड घेणारा, हे बिरुद त्याने सोन्याच्या नाण्यांवर घातले आणि 1117 च्या सुमारास कीर्तिनारायण उभारला. बेलूरचे चेन्नकेशव मंदिरही त्याच काळातले. पुढे परंपरेने पंचनारायणांत बेलूर, मेलुकोटे, तोंडनूर आणि गदगबरोबर तलकाडही मोजले.

हा गंगराज मराठी वाचकाला अनोळखी नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी जो मराठी शिलालेख आहे, आणि जो शाळेत आपल्याला मराठीतला पहिला म्हणून शिकवला (अक्षीचा 1012 चा लेख पुढे आला तरी), त्यात दोनच नावे आहेत. मूर्ती घडवून घेणारा चावुंडराय, आणि तिच्याभोवतीचे आवार बांधणारा गंगराज. चावुंडराय गंग राजाचा मंत्री, म्हणजे तलकाडच्याच राज्याचा माणूस. गंगराज ते तलकाड चोळांकडून काढून घेणारा. आपल्या भाषेतल्या अतिपरिचित दोन ओळींतले दोघेही या गावाशी असे जोडलेले आहेत, आणि आपण इथे येऊन फक्त शाप ऐकून परत जातो!

कीर्तिनारायणाचे देऊळ पाहताना आधी नवरंगातल्या, म्हणजे सभामंडपातल्या, खांबांपाशी थांबावे. चरकावर फिरवून काढल्यासारखी गोल कडी एकावर एक बसलेली, आणि त्यांच्या कडा अजून धारदार. बोट फिरवले की दगड मऊ लागतो. होयसळांच्या कारागिरीला लाकूडकामाची सवय किती, हे इथे कळते. चुन्याशिवाय, खाचेत खुंटी बसवून दगड जोडायचे तंत्र. आपल्या जुन्या वाड्याचा सागवानी सांगाडा सुतार जसा सुटा करून पुन्हा उभा करतो, तसा हा दगडी सांगाडाही सुटा होऊ शकतो. हे नुसते म्हणायला नाही. अलीकडे पुरातत्त्व खात्याने हे देऊळ दगड दगड सोडवले आणि पुन्हा रचले.

वाळूचे काय? कावेरी इथे एकाएकी वळते. विजयनगरच्या काळात, चौदाव्या शतकात, वरच्या अंगाला माधवमंत्री बंधारा झाला. उन्हाळ्यात पात्रातले पाणी कमी होऊन वाळूचे पट्टे उघडे पडू लागले, आणि नैर्ऋत्य वारे सुटले की ती वाळू गावावर येई. झाडे तोडल्याने ती अडवायलाही काही उरले नाही. कन्नड लेखक आणि शास्त्रज्ञ के. एन. गणेशय्या यांनीही या शापामागचे शास्त्र शोधले. शाप 1610 चा, बंधारा त्याच्या दोन शतकांहून अधिक आधीचा. हे गणित मला तरी पुरेसे वाटते. शापाला पहिल्या दोन बाबतींत नदी आणि वारा पुरे पडले. तिसऱ्याचा हिशेब राजघराण्याने बघावा.

आज पाताळेश्वर आणि मरळेश्वर ही देवळे वाळूच्या खड्ड्यांत दिसतात, पायऱ्या उतरून खाली जावे लागते. पाताळेश्वराचे लिंग दिवसभरात रंग बदलते असे सांगतात. सकाळी तांबूस, दुपारी काळे. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की संध्याकाळपर्यंत थांबा. थांबणारे कोणी नव्हते.

कार्तिकातला सोमवार आणि नक्षत्राचा विशिष्ट योग जुळला की पंचलिंग दर्शन, म्हणजे इथल्या पाच शिवलिंगांच्या दर्शनाचा उत्सव, असतो: 2006, 2009, 2013, 2020. त्या वेळी तलकाडला पाय ठेवायला जागा नसते. देऊळ बघायचे असेल तर ते दिवस टाळा. म्हैसूरहून सुमारे 45 किलोमीटर आहे, वाटेत सोमनाथपूरही होते. सकाळी लवकर जा, वाळू तापायच्या आत. आणि वाटाड्याला सांगा, आधी कीर्तिनारायण, शाप नंतर.