पेणकरपाडा ते वसई: एका दिवसात तीन किल्ले, एकच मोहीम

दहिसर चेकनाक्याजवळच्या पेणकरपाड्यातून एका दिवसाची रोड ट्रिप करायची आहे? वसई खाडीकाठचे हे तीन किल्ले याच क्रमाने पाहा. वसईची मोहीम कशी पुढे सरकली, ते जागेवरच कळेल.

१. घोडबंदर: ठाणे आणि वसईमधल्या खाडीवर पोर्तुगीज इथून नजर ठेवायचे. १७३७ मध्ये मराठ्यांनी हा किल्ला घेतला.

२. धारावी: ही मुंबईतली धारावी नव्हे, तर भाईंदर पश्चिमेच्या चौक गावातला किल्ला. इथून खाडीचं तोंड दिसतं, पलीकडे वसई. मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी तो जिंकला आणि वसईला समुद्रातून येणारी रसद अडवणं सोपं झालं. आता मोजकेच अवशेष उरलेत, त्यावर चढू नका. पावसाळ्यानंतर गेलात तर जवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंवर वाळत घातलेले बोंबीलही दिसतील.

३. वसई: रसद तुटल्यावर दोनच महिन्यांत, मे १७३९ मध्ये, पोर्तुगीजांनी चिमाजीअप्पांपुढे शरणागती पत्करली.

भाईंदरहून वसईला कसं जायचं? रस्त्याने सुमारे ३८ किमीचा वळसा पडतो. फेब्रुवारी २०२४ पासून मात्र रो-रो बोटीतून गाडीसह खाडी ओलांडता येते. बोटीच्या वेळा आधी तपासा.