वेगळा कप आणि मनाचे आरोग्य

घरातील वृद्धांच्या सेवेसाठी येणाऱ्या मावशींचा चहाचा कप आपल्या स्वयंपाकघरात कुठे ठेवलेला असतो, याकडे आपण कधी लक्ष दिले आहे का? पुष्कळ घरांत तो ओट्याच्या कोपऱ्यात किंवा खिडकीत निराळा असतो. विचारल्यास ‘पहिल्यापासून तशी पद्धत आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्या घरात आपण जातिभेद करतो असे कोणाला वाटत नाही, मावशींना कोणी वावगे बोलतही नाही. तरी त्या कपाचा अर्थ मावशींना नेमका कळतो. मनात मुरलेल्या, स्वतःच्याही ध्यानात न येणाऱ्या अशा समजुतींना ‘अव्यक्त पूर्वग्रह’ म्हणतात. ज्यांना ते सोसावे लागतात त्यांच्या प्रकृतीवर त्यांचा काय परिणाम होतो, हे ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

या विषयाचा अभ्यास अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या संदर्भात पुष्कळ झाला आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात कृष्णवर्णीय बालकांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुसंख्य बालकांनी गोरी बाहुलीच ‘चांगली’ म्हणून निवडली. भोवतालच्या समाजाची नजर त्या कोवळ्या मनांनी स्वतःविषयीही स्वीकारली होती. डॉक्टरही यातून सुटलेले नाहीत. व्हर्जिनिया विद्यापीठातील २०१६ सालच्या एका अभ्यासात सुमारे निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या व निवासी डॉक्टरांच्या मनात ‘काळ्या माणसांची कातडी जाड असते’ यांसारखी एखादी तरी खोटी समजूत आढळली. अशा समजुती ज्यांच्या मनात अधिक, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदनाही कमी लेखल्या.

वर्ण आणि जात यांतील हे साम्य महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची, १९२९ साली ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झालेली हकिकत दिली आहे. त्यांच्या आजारी बाळंतीण पत्नीला डॉक्टरांनी स्पर्श केला नाही. थर्मामीटर देखील दुसऱ्याच्या हातून दिला. पुढे ती दगावली. तशी उघड अस्पृश्यता आज कायद्याने गुन्हा आहे. उरली आहे ती आडनाव ऐकताच बदलणारी नजर, ‘तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही’ अशी प्रशंसा, आणि तो निराळा कप.

अशा एका प्रसंगाने कोणी आजारी पडत नाही. परंतु पुढचा अपमान कोणत्या क्षणी होईल याची अपेक्षा बाळगत जगणाऱ्याचे शरीर सतत सावध राहते. ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात, झोप उथळ होते, रक्तदाब वाढण्यास आणखी एक कारण मिळते. वर्णभेद सोसणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत संशोधकांनी याला ऊनपावसाने दगडाची होते तशी झीज म्हटले आहे. उतारवयात ती ‘मी उदास आहे’ अशा शब्दांत क्वचितच बाहेर येते. दवाखान्यात ऐकू येते ते वेगळे: जीव घाबरतो, छातीत धडधडते, अंग जड वाटते, जेवण गोड लागत नाही. तपासण्या ठीक आल्या की ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असे सांगून त्यांना परत पाठवले जाते, आणि आपले कोणी ऐकत नाही ही त्यांची भावना अधिकच पक्की होते.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांत पारधी समाजाची वस्ती आहे. १८७१ च्या व पुढे मुंबई इलाख्यातही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला. आज ऐंशीच्या घरात असलेले पारधी आजोबा तेव्हा लहान होते. मात्र गावात चोरी झाली की पालाकडे वळणारी संशयाची नजर त्यांनी पुढेही आयुष्यभर पाहिली. असे आजोबा दवाखान्याच्या पायरीवरच थबकतात, त्यामागे हा इतिहास असतो.

सवय बदलता येते, याचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवले. त्यांत अनेक दलित व निरक्षर स्त्रिया होत्या. निरनिराळ्या जातींच्या या स्त्रिया प्रशिक्षणात एकत्र जेवत. पाण्याचे हातपंप दलित वस्तीत बसवले गेले, तेव्हा पाण्यासाठी साऱ्या गावाला तेथे जावे लागले. नुसत्या उपदेशापेक्षा नित्याच्या व्यवहारातील असा बदल पूर्वग्रह अधिक सैल करतो.

आपल्या घरातही हे करता येईल. सेवा करणाऱ्या व्यक्तीला घरातल्याच कपात चहा द्यावा व बसण्यास खुर्ची द्यावी. नावापुढे ताई, मावशी, दादा असे संबोधन असावे. आडनाव किंवा गाव विचारून जात ताडण्याचा मोह टाळावा. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा किंवा आजी कधी जुन्या काळचे जातिवाचक शब्द बोलून जातात. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो; त्यांचे लक्ष दुसरीकडे वळवावे. मात्र नंतर सेविकेला बाजूला घेऊन घराच्या वतीने क्षमा मागावी. ‘त्यांचे वय झाले आहे, मनावर घेऊ नका’ असे म्हणून तो विषय संपवू नये.

वाचकहो, आपण स्वतःच असे अपमान सोसत आला असाल, तर आपल्याला होणारा त्रास खरा आहे. डॉक्टरांना शारीरिक तक्रारींबरोबर मनावरचा भारही सांगावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक वा उत्साह हरपला असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जगणे नकोसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. घरच्यांनीही अशा व्यक्तीला एकटे ठेवू नये. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे अहोरात्र बोलता येते. मानसिक उपचार देताना जातीवरून भेदभाव करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई केली आहे.

मुले-नातवंडे जवळ असतील तर त्यांनी आजी-आजोबांना त्या जुन्या प्रसंगांविषयी विचारावे आणि मध्ये न तोडता ऐकावे. पुष्कळांनी ते आजवर कोणालाच सांगितलेले नसतात.