शितावरून भाताची परीक्षा

अम्मीला घेऊन एका सरकारी रुग्णालयात सकाळपासून दुपारपर्यंत रांगेत बसलो होतो. एक डॉक्टर वाढवला तर ही रांग किती कमी होईल, असा प्रश्न तेव्हा मनात आला. मी कवी माणूस, बी.ए. झालेला. उत्तर कसे काढतात ते पुष्कळ उशिरा कळले.

संगणकात एक खोटे रुग्णालय उभारतात. खोटे रुग्ण येतात, थांबतात, तपासून जातात. हेच सिम्युलेशन. समजा, डॉक्टर, नर्स आणि खाटा यांच्या प्रत्येकी १० शक्यता धरल्या, तर १,००० मांडण्या होतात. रुग्ण कधी येतील याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक मांडणी ३० वेळा चालवायची. एका खेपेला १ मिनिट धरले तरी ५०० तास, म्हणजे जवळजवळ २१ दिवस!

इथे ‘मेटामॉडेल’ कामी येते. निवडक ५० मांडण्याच चालवायच्या. २५ तास पुरतात. त्या उत्तरांवर एक सूत्र बसवायचे. उरलेल्यांचा अंदाज ते क्षणात देते. शितावरून भाताची परीक्षा. फक्त शिते साऱ्या भांड्यातून उचलायची. यातली एक रीत ‘क्रिगिंग’. दक्षिण आफ्रिकेतले खाण-अभियंते डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये मोजक्या नमुन्यांवरून खाणीतल्या सोन्याचा अंदाज बांधण्याचा विचार मांडला, त्यातून ती आली.

पण अंदाज तो अंदाजच. उत्तम वाटलेल्या मांडण्या पुन्हा मूळ सिम्युलेशनमध्ये पारखाव्या लागतात. साथीची गर्दी नमुन्यात नसेल, तर सूत्र फसते. आणि बाकावर बसलेल्या अम्मीचा वेळ हिशेबात धरलाच नाही, तर कितीही वेगवान सूत्र तिच्या काय कामाचे?